झाडून ठेवलेला किनारा

माझा धंदा कळला की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात. "म्हणजे लग्नाचे फोटो?" तेही काढतो. मुंडावळ्या, अक्षता, रुसलेली आत्या, सगळं काढतो आणि त्यावर घर चालतं. पण मी स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेतो ते खाडीच्या फोटोंमुळे. हे सांगितलं की दुसरा प्रश्न येतो, "खाडीत काय आहे काढण्यासारखं?"

आमच्या नव्या मुंबईला समुद्र नाही, खाडी आहे. समुद्राचं सोपं असतं. त्याला लाट असते, गाज असते, त्याच्यासमोर कॅमेरा नुसता उभा केला तरी काहीतरी हाती लागतं. खाडी गप्प असते. दिवसभर ती शिशाच्या पत्र्यासारखी पडून राहते. मग सकाळी किंवा संध्याकाळी थोडा वेळ तिला काहीतरी होतं. पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. पलीकडच्या काठावरचे कारखाने जमीन सोडून तरंगायला लागतात. काठावरच्या तिवराच्या झुडपांची रांग कुणीतरी ओल्या बोटाने ओढल्यासारखी फिकट होत जाते. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याकडे निघालेली लाँच लांबून पाहिली तर वाटतं, ती पाण्यावरून चाललेली नाही, कुणाच्या तरी झोपेतून चालली आहे. हे सगळं दिसतं न दिसतं तोच विरून जातं. मागे उरतो पत्रा, चिखल आणि आपण.

त्या तेवढ्या वेळासाठी मी खाडीकाठी जाऊन उभा राहतो. बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतो.

माझ्यासारख्याने हे करावं याचं आमच्या घरात कुणालाच कौतुक नव्हतं. वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. घरात पुस्तक नव्हतं. होती ती युनियनची पत्रकं. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदावर छापलेली, हाताला शाई लागणारी. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आणि वाचायला शिकलो ते त्यांच्या पोटातून. शाळेतल्या मुलांना 'कमळ' वाचता यायचं तेव्हा मला 'जाहीर निषेध' वाचता यायचं. पत्रकाची भाषा एकदा रक्तात गेली की माणूस साधं बोलत नाही. चहात साखर कमी पडली तरी मी आईला इशारा द्यायचो.

अशा घरातला मुलगा आभाळाचे फोटो काढायला लागला. चळवळीतले मित्र म्हणाले, "ढग बघणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे." वडील एवढंच म्हणाले, "आरं लेका, आभाळ फुकाट दिसतंय की समद्यास्नी. त्येचा फोटू कोन घेनार?"

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्या मनात एक नियम मात्र पक्का होता आणि तो पत्रकांतूनच आलेला होता. खरं असेल तेच छापायचं. माझ्या भाषेत, चौकटीत जे असेल ते असेल. त्यातलं काही काढायचं नाही आणि त्यात काही घालायचं नाही.

धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. आपला डोळा फार सांभाळून घेणारा असतो. त्याला आभाळाचा झगमगाट आणि चिखलाचा काळोख एकाच वेळी दिसतो. फिल्म तसं सांभाळून घेत नाही. आभाळ धरावं तर जमीन काळीठिक्कर पडते, जमीन धरावी तर आभाळ धुतल्यासारखं पांढरं होतं. दोन्ही एका मापात येतात ते फक्त दिवसाच्या दोन टोकांना. म्हणून आमची सगळी धावपळ त्या टोकांसाठी असते. त्यात खाडीवाल्याला आणखी एक मालक सांभाळावा लागतो, तो म्हणजे भरती-ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला आमच्याकडे भर दुपारी मोठी भरती येते आणि संध्याकाळी, सूर्य बुडायच्या सुमाराला, पाणी पार लांब जातं. महिन्यातली सगळ्यात खोल ओहोटी आणि दिवसातला सगळ्यात तिरका उजेड अशा वेळी एकत्र येतात. तेही हिवाळ्यात, आभाळ मोकळं असेल तर आणि तिवाट्याचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिपाईचे, पाय चिखलात खचले नाहीत तर. पायांखाली मी रंगाच्या डब्यांची झाकणं ठेवतो. ही युक्ती माझी स्वतःची आहे आणि तिचा मला छायाचित्रांपेक्षा जास्त अभिमान आहे.

खाडीचे फोटो विकत घेणारं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. कॅलेंडरवाले आणि बिल्डर. कॅलेंडरवाल्यांना खाडी चालते, पण ती काश्मीरसारखी दिसायला हवी असते. बिल्डरांना ती निळी हवी असते.

एका बिल्डरने मला नेरूळच्या बाजूला बोलावलं. इमारत अजून पायातच होती, पण तिचं माहितीपत्रक छापायचं होतं आणि त्यावर 'आपल्या खिडकीतून' असं लिहून खाली खाडी दाखवायची होती. मी हिवाळ्यातली स्वच्छ दुपार धरली. भर भरतीला खाडी खरंच निळी दिसते, वर्षातून थोडेच दिवस दिसते, पण दिसते. फोटो बघून शेठ खूश झाला. मग त्याने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही होडी काढून टाक."

"का? होडीमुळेच तर फोटो उभा राहिलाय."

"बरोबर आहे रे भाऊ. पण होडी बघितली की वास येतो."

"फोटोतून?"

"आपल्याला नाही येत. गिऱ्हाइकाला येतो. मच्छीचं जाळं बघितलं की पार्टी खिडकी बंद करून टाकते. तू टेन्शन नको घेऊ, लॅबवाल्याला सांग, तो ब्रशने पाणी मारून देईल वरून."

मी होडी काढली नाही. फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही उचलून पिशवीत टाकले आणि जाताना त्याला एक लहानसं भाषण केलं. त्यात 'इथले मूळ रहिवासी' हे शब्द होते, 'पुसून टाकण्याचं कारस्थान' हेही होतं. शेठने शांतपणे ऐकून घेतलं आणि प्यूनला म्हणाला, "यांना चहा दे, घसा सुकला असेल." चहा न घेता मी बाहेर पडलो. बाहेर पडल्यावर कळलं की चहाची फार तलफ आली होती.

ही हकीकत प्यूनमार्फत खाडीकाठच्या एका गावात पोचली, कारण प्यून त्या गावचा जावई होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या काठावर अशी बरीच गावं आहेत. पूर्वी भात पिकवायची, मीठ काढायची, मासे धरायची. जमिनी शहरात गेल्या, मिठागरं बुजली, आता चाळी भाड्याने देणारी आणि नोकऱ्या करणारी झाली. पण काही घरांच्या होड्या अजून पाण्यात जातात.

एका सकाळी माझ्या सानपाड्याच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरची रिकामी पाटी तिने उतरवून भिंतीला टेकवली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तूच काय रं, होडी न काढनारा?"

तिचं नाव तुळसाबाय. बाजारात मासळी विकायची. तिच्या मागे जिन्यावर तिचा दीर उभा होता, हिरामणनाना. त्याची स्वतःची होडी होती आणि मच्छीमारांच्या कमिटीत तो बोलणारा माणूस होता, असं तोच म्हणाला. तुळसाबायसमोर मात्र त्याला बोलायला फारसा वाव मिळत नसे.

त्यांचं काम असं होतं. गावासमोरच्या काठावर भराव टाकायचं घाटत होतं. सरकारी कार्यालयाच्या नकाशात तो काठ 'दलदल, वापरात नसलेली' असा दाखवला होता. गावाच्या होड्या लागायच्या त्या तिथेच. काठ गेला असता तर होड्या लावायला दुसरी जागा नव्हती आणि होडी लावता येत नसेल तर ती ठेवून काय करायची? गावाने हरकत घेतली. सुनावणीला साहेबांनी सांगितलं, तोंडी नको, पुरावा आणा. भरतीच्या वेळी पाण्यात होडी कुठेही दिसेल. पाणी ओसरल्यावरही या चिखलात तुमचं रोजचं काम चालतं हे दाखवा. सगळा काठ एका फोटोत, दिवसाउजेडी, आणि पुढच्या सुनावणीला घेऊन या.

पुढच्या सुनावणीआधी खोल ओहोटी येत होती ती एकच, पौषातल्या अमावास्येची.

"पैशाचं बोल," हिरामणनाना म्हणाला.

"या कामाचे मी घेत नाही," मी म्हणालो. माझ्या आवाजात तेव्हा सगळी पत्रकं एकदम बोलत असणार.

तुळसाबायने पाटी उचलली. "मंग पैशाबदली मावरं घे, ताजी मासली. फुकट काम करनाऱ्याचा भरवसा नसतो."

दोनच दिवसांनी मी काठ बघायला गेलो आणि बघतच राहिलो. बांधावर उभं राहिलं की समोर तिवरांच्या दोन झुडपांमध्ये चिखलाचा मोठा अर्धगोल. त्यात होड्या कुशीवर निजल्यासारख्या पडलेल्या. बांबूंवर जाळी वाळत होती, त्यांच्यातून पलीकडचं घारापुरीचं बेट दिसत होतं. चटयांवर जवळा, बारीक कोळंबी, वाळत पसरलेला. एक म्हातारा जाळ्याचा फाटका भाग गुडघ्यावर घेऊन विणत होता. पाट्या, वल्ही, थर्माकोलचे डबे, फुटकी पिंपं. पुरावा म्हणजे आणखी काय असतं? मी बांधावर तिवाट्याची जागा ठरवली, तिथे खूण म्हणून झाकणं पुरून ठेवली आणि परतताना वाटेत मनातल्या मनात सुनावणी जिंकूनही टाकली.

अमावास्येच्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. हिवाळ्यात मध्येच असं आभाळ भरतं, आंब्याचा मोहोर गळतो आणि आमचाही जीव गळतो. उन्हं कलायच्या वेळेला मी गावात पोचलो. कुठे सावली पडत नव्हती. सगळीकडे राखेसारखा एकसारखा उजेड.

बांधावर चढलो आणि मला वाटलं, मी चुकीच्या गावात आलो.

काठ रिकामा होता. होड्या नव्हत्या. जाळी नव्हती. बांबू उपटून नेले होते. जवळ्याची एक काडी कुठे दिसत नव्हती. बांधावर शेणाचा सडा घातलेला, त्यावर रांगोळी. माझी झाकणं उकरून, घासून, एकावर एक रचून ठेवलेली. शेजारी माझ्यासाठी लग्नातली लाल खुर्ची. बायका नव्या लुगड्यांत, केसांत अबोली माळून, ओळीने उभ्या. पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत. हिरामणनानाने टोपी घातली होती आणि तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की आता मी शाबासकी देणार.

"होड्या कुठायत?" मी विचारलं.

"त्या तिकडं, तिवरामागच्या नाल्यात नेल्या. दुपारच्या भरतीला सगल्या हलवल्या. आख्खं गाव लागलं होतं."

"आणि जाळी?"

"घरात. जवला पन उचलला. आता एक माशी बसनार नाय बग."

मी त्या लाल खुर्चीत बसलो. हळदीच्या आदल्या दिवशी मांडव झाडतात तसा त्यांनी किनारा झाडला होता. चिखलावरच्या पाट्या, दोऱ्या, चिंध्यासुद्धा वेचल्या होत्या. साहेबाला जे दाखवायचं होतं ते सगळं त्यांनी साहेबाला दिसू नये म्हणून लपवलं होतं. नकाशात लिहिलेलं 'वापरात नसलेली' हे वाक्य आजपर्यंत खोटं होतं. आज एका दिवसापुरतं गावाने ते स्वतःच्या हाताने खरं करून दाखवलं होतं.

मग मी उठलो आणि बोललो. बरंच बोललो. 'आपल्या हाताने आपला गळा' वगैरे. बायकांच्या ओळीत कुणीतरी अबोलीचा गजरा नीट करत होतं. माझं बोलणं संपल्यावर तुळसाबाय पुढे आली.

"झालं? आता माझं ऐक. तो फोटू जानार सायबाच्या टेबलावर. आमच्या बायका बाजारात जातात तर बसमधली मानसं नाकाला रुमाल लावतात. तो उकिरडा मी फोटूत घालून सायबाला नेऊन देऊ? तुझ्या आयशीकडं पावनं येतात तवा ती काय करते?"

मला ते लख्ख दिसलं. युनियनची पुढारी मंडळी घरी चहाला यायची तेव्हा आई धावत सगळं आवरायची. कपडे, भांडी, आणि पत्रकांचे गठ्ठे. ज्या पत्रकांसाठी ती माणसं यायची तीच पत्रकं आई खाटेखाली ढकलायची आणि वरून चादर खाली ओढून घ्यायची. वर म्हणायची, "घर कसं घर दिसाया पायजे."

"होड्या परत आणता येतील?" मी हळू आवाजात विचारलं.

हिरामणनानाने नाल्याच्या बाजूला पाहिलं. पाणी केव्हाच निघून गेलं होतं. "रुतल्या आता. पानी येईल तवा निघतील. तवर कालोख."

"मग जाळी तरी आनू," कुणीतरी मागून म्हणालं. "बांबू पन हायत. आता उभं करतो."

इथे माझा नियम आडवा आला. काढायचं नाही, घालायचं नाही. फोटोसाठी आणून उभं केलेलं जाळं म्हणजे मांडलेला देखावा, मग माझ्यात आणि ब्रशने पाणी मारणाऱ्यात काय फरक राहिला? मी तसं म्हणालो.

"आमचं जालं," तुळसाबाय म्हणाली, "आमच्या जाग्यावर ठेवायला तुझी परवानगी पायजे काय रं?"

दोघेतिघे जाळी आणायला धावले. मी झाकणं मांडली, त्यांवर तिवाटा उभा केला, कॅमेरा चढवला आणि काचेतून बघितलं. करडा चिखल, करडं पाणी, करडं आभाळ. रिकामं. या उजेडात जाळी आणून उभी केली असती तरी करड्यावर करडीच दिसली असती.

वाट बघणं हे आमच्या धंद्यातलं मुख्य काम आहे, पण त्याबद्दल लिहिता येत नाही. काही घडत नाही. वारा पडला होता. लोक बांधावर बसले. ओहोटी अजून चाललीच होती, पाण्याची कड दर वेळी पाहावी तर आणखी लांब. इतकं लांब गेलेलं पाणी पाहिलं की मला नेहमी वाटतं, आता ते परत येणार नाही. खाडी कुणाला न सांगता निघून चालली आहे आणि तळ तेवढा आपल्याला ठेवायला दिला आहे. कुठेतरी चिखलातून बुडबुडे फुटत होते. त्यांचा आवाज खूप जणांनी एकदम कुजबुजावं तसा येत होता.

बायकांची ओळ आधी वाकडी झाली, मग मोडली. मला मागून कुजबुज ऐकू येत होती.

"पानी बग किती गेलं."

"महिन्यात दोनच डाव जातं एवढं. आन आपन हितं गजरं घालून बसलोय."

"कालवं उघडी पडली असतील गो पार त्या खडकावर."

"फोटूवाला काय करतोय?"

"बसलाय. तपाला."

कुणीतरी हसलं. मग तुळसाबायचा आवाज आला. "एवढी ओहोटी वाया घालवायची काय? चला." नव्या लुगड्याचा काष्टा वर खोचत ती बांध उतरली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. पाट्या कुठून आल्या कळलं नाही. मी हाका मारल्या नाहीत. हाक मारून कुणी थांबलं असतं असंही नाही.

बायका चिखलात वाटेल तिथून शिरल्या नाहीत. मला वरून दिसत होतं, त्या एकामागे एक एका ठरलेल्या रेषेवरून चालल्या होत्या. रेषा मात्र दिसत नव्हती. दिसत होता नुसता चिखल आणि त्यावरून चाललेली रंगीत ओळ, लहान लहान होत जाणारी.

आणि मग घारापुरीच्या उजव्या खांद्याजवळ आभाळाची खालची कड उसवली. ढग हलला नव्हता. ढग आणि डोंगर यांच्या मधे बोटभर फट पडली होती आणि तिच्यातून सूर्य खाली उतरत होता. उजेड वरून आला नाही. तो चिखलाच्या अंगाला अंग घासत, सरपटत, आडवा आला.

आणि त्या आडव्या उजेडात चिखल बोलायला लागला. दुसरा शब्द मला सुचत नाही. दिवसभर जो सपाट आणि मुका होता त्याच्यावर रेषा उमटल्या. होड्यांच्या तळांनी पाडलेले लांब चर, बांधापासून थेट पाण्यापर्यंत, प्रत्येक होडीचा आपापला. त्यांत थोडं पाणी राहिलं होतं आणि ते आता लाल सोन्यासारखं पेटलं होतं. चरांच्या मधून पायवाटा. वर्षानुवर्षं त्याच जागी पावलं पडून खोलगट झालेल्या, मधेच फुटणाऱ्या, पुन्हा एकत्र येणाऱ्या. बांबू रोवल्याच्या भोकांच्या ओळी, प्रत्येक भोकाला लांब सावली. होड्या नेल्या होत्या, त्यांची निजायची जागा राहिली होती. प्रत्येकीच्या कुशीचा खळगा तसाच. सगळ्या गावाचा तळहात कुणीतरी माझ्यापुढे उघडून धरला होता. आणि त्या सगळ्या वाटांच्या टोकाशी, पाण्याच्या अगदी कडेला, वाकून कालवांचे शिंपले फोडणाऱ्या बायका. हिरव्या, जांभळ्या, लाल ठिपक्यांएवढ्या.

काठ झाडता आला होता. वाटा झाडता आल्या नव्हत्या.

मी उजेडाचं माप घेतलं, फोटो घेतला, थोडं कमी, थोडं जास्त करून पुन्हा घेतला. मागून जाळी खांद्यावर घेतलेले गडी धापा टाकत आले. "कुठं उभी करू?" मी हाताने थांबा म्हणालो. ते थांबले आणि तेही बघायला लागले. रोज पायांखाली असलेलं ते त्यांनीही असं कधी पाहिलं नसावं. हिरामणनानाने टोपी काढली आणि पुन्हा घातली. फट मिटली. चिखल पुन्हा सपाट झाला. पण तो आता मला रिकामा दिसेना.

मुंबईच्या लॅबमधून मोठी प्रत करून घेतली आणि सुनावणीला मीही गेलो. खिशात एक निवेदन लिहून नेलं होतं, चांगलं कडक. ते खिशातच राहिलं. साहेबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"पेंटिंग आहे का हे?"

"फोटो आहे," मी म्हणालो.

"या रेषा कसल्या?"

हिरामणनाना पुढे झाला. तुळसाबाय आली नव्हती, त्यामुळे तो मोकळा बोलला. एकेका चरावर बोट ठेवत त्याने सांगितलं. ही माझी होडी. ही चुलत्याची. ही बायकांची वाट, ही कालवांच्या खडकाला जाते. इथे वाट वळते, कारण खाली दगड हाय. साहेबांनी मधेच एका पुसट चरावर बोट ठेवलं. "आणि ही?" नाना म्हणाला, "ती भावाची. तो गेला. तुळसाचा नवरा. होडी इकली, पन चर बुजला नाय अजून."

साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला आणि नकाशा मागवला.

गावाने मागितलं होतं तेवढं मिळालं नाही, हे लिहायलाच हवं. भराव पडला. पण तो तिवरांच्या त्या दोन झुडपांपाशी थांबला आणि मधला अर्धगोल नकाशात 'मच्छीमारांचा काठ' म्हणून लागला. आज त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहताहेत. मधे त्या होड्या कुशीवर निजलेल्या असतात.

फोटोची एक प्रत मी तुळसाबायला नेऊन दिली. तिने ती उजेडात धरली आणि तिचं तोंड उतरलं.

"एवढा किनारा झाडला, सडा घातला, तरी तू चिखलच काढलास. एकीचं पन तोंड दिसत नाय यात."

म्हणून नारळी पौर्णिमेला मी पुन्हा गेलो. किनारा झाडलेला होता. रंगवलेल्या होड्या भरतीच्या पाण्यात ओळीने उभ्या, त्यांना पताका, बायका लुगड्यांत, पुरुष टोप्यांत. मला सांगितलं तिथे मी उभा राहिलो, सांगितलं तसा फोटो काढला. चौकटीत शिरलेलं एक कुत्रं त्यांनी हाकललं, मी काही बोललो नाही. भर दुपारचा, सपाट उजेडातला, कुठल्याही गावाचा असावा असा तो फोटो आहे. सगळ्यांची तोंडं मात्र स्पष्ट आली.

तो आता तुळसाबायच्या घरात दारासमोर लावलेला आहे, जाड सोनेरी फ्रेममध्ये. परवा गेलो तेव्हा पाहुण्यांना ती त्यातली एकेक बाई नावानिशी दाखवत होती. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "आणि तो चिखलाचा कुठाय?"

ती उठली. भिंतीवरची फ्रेम उतरवली, पालथी केली आणि मागचा पुठ्ठा जरा सरकवला. आत, हसणाऱ्या गावाच्या पाठीला पाठ लावून, तो होता. ओल कुठे लागलेली नव्हती. एका पुसट रेषेच्या बाजूला मात्र कागद बोटाने झिजल्यासारखा गुळगुळीत झाला होता.

"कामाचं मागं ठेवायचं," ती म्हणाली, "पावन्यांचं म्होरं." आणि पुठ्ठा पुन्हा नीट दाबून बसवला, आई चादर ओढायची तसा.